सुरीला १५ अंशांची धार : हा कोन येतो कुठून?

नव्या सुरीच्या खोक्यावर हल्ली '१५ अंश' असं छापलेलं असतं. पाण्यात फिरणाऱ्या दगडाचं धार लावायचं यंत्र घेतलं, तर त्याच्याबरोबर कोन मोजायची एक चकती येते. मग कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की अर्धा अंश चुकला तरी धार गेली. सोलापुरात माझ्या ओळखीच्या काही खानावळवाल्यांनी असं यंत्र घेतलं आणि सगळ्यांची तक्रार एकच : "मशीनवर पंधरा लावलं ओ, पण सुरी काय पंधरा व्हायला तयार नाही."

तक्रार खरी आहे. यंत्र बिघडलेलं नाही आणि माणूसही अडाणी नाही. गोम अशी आहे की या यंत्रावर कोन थेट 'लावता' येतच नाही. लावता येतात ती तीन अंतरं, आणि त्यांतून कोन आपोआप निघतो. ती मिलिमीटरमध्ये मोजायची सवय लागली की चकतीची गरज फारशी उरत नाही.

(इडलीचं पीठ वाटायच्या वेट ग्राइंडरशी या यंत्राचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुकानात विचारताना घोटाळा होतो.)

कोन म्हणजे नेमका कुठला?

सुरीचं पातं कणेकडून (कण म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) धारेकडे पातळ होत जातं आणि अगदी शेवटी दोन्ही बाजूंनी तिरपं घासलेलं असतं. त्या तिरप्या पट्टीला आपण उतार म्हणू. दोन उतार जिथे मिळतात ती धार. '१५ अंश' म्हणजे पात्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूच्या उताराचा कोन. दोन्ही बाजू मिळून ३०. काही ठिकाणी बेरीज छापतात, काही ठिकाणी एका बाजूचा आकडा. ३० वाचून एका बाजूला ३० लावले, तर सुरी छिन्नीसारखी होते.

हा उतार किती रुंद असतो? धारेच्या लगेच मागे पातं अर्धा मिलिमीटर जाड धरा. १५ अंशांना उतार जेमतेम १ मिलिमीटर रुंद येतो, २० अंशांना पाऊण मिलिमीटर. सगळा खेळ एवढ्या पट्टीवर. तिच्यावर कोनमापक टेकवायला जागाच नाही, म्हणून अंतरांचा आडमार्ग घ्यावा लागतो.

पण मुळात पाणी कशाला?

तापू नये म्हणून. कारखान्यातलं सहा इंची कोरडं ग्राइंडर मिनिटाला २,८५० फेरे घेतं. त्याची कड मिनिटाला १,३०० मीटरहून जास्त पळते. ओल्या यंत्रांत सर्वांत नावाजलेलं स्वीडनच्या टॉरमेकचं. त्याच्या मोठ्या यंत्राचा दगड २५० मिलिमीटर व्यासाचा आणि फेरे मिनिटाला फक्त ९०. म्हणजे कडेचा वेग मिनिटाला ७० मीटर, कोरड्याच्या एकोणिसाव्या भागाएवढा.

धारेशी पोलाद कागदासारखं पातळ असतं, उष्णता मागे जायला वाव नसतो. लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतात, ती कडकपणाची प्रक्रिया साध्या सुऱ्यांच्या बाबतीत साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास संपवलेली असते. त्याच्या बरंच वर तापलं की पाणी उतरतं. कोरड्या चाकावर धारेची कड निळी पडली तर ती ३०० अंशांच्या आसपास गेली असं समजा. ती धार त्या दिवशी छान कापेल आणि आठवड्यात बसेल. ओल्या दगडावर ही भीती नाही. बदल्यात काम सावकाश होतं.

भिंतीला टेकवलेली शिडी

आता तीन अंतरं. यंत्रात दगडाच्या जवळ एक आडवी दांडी असते. सुरी एका पकडीत धरायची, पकड दांडीवर टेकवायची आणि धार दगडावर ठेवून डावी-उजवी सरकवायची. पकड दांडीला टेकते तिथून धारेपर्यंतच्या अंतराला आपण पल्ला म्हणू.

भिंतीला शिडी टेकवली आहे असं समजा. दगड ही भिंत, सुरी ही शिडी, पल्ला ही शिडीची लांबी आणि दांडी म्हणजे शिडीचा पाय जिथे रोवला ती जागा. शिडी आणि भिंत यांच्यातला कोन तोच आपला धारेचा कोन. पाय भिंतीपासून लांब नेला तर कोन वाढतो. पाय तिथेच ठेवून लांब शिडी लावली, तर ती जास्त उभी राहते आणि कोन घटतो. पाय आणि शिडी तेच ठेवून भिंतच मागे सरकवली, तर शिडी आडवी व्हायला लागते, म्हणजे कोन पुन्हा वाढतो. घरातली भिंत सरकत नाही. यंत्रातली सरकते, कारण दगड झिजतो.

आकड्यांत बघू. दगड २५० मिलिमीटरचा, पल्ला १३९ मिलिमीटरचा आणि दांडी अशी बसवलेली की कोन बरोबर १५ अंश येतो. आता एकेक गोष्ट हलवली तर :

दांडी १ मिलिमीटर लांब गेली, की कोन सुमारे ०.७ अंशांनी वाढतो. पल्ला ५ मिलिमीटरने वाढला, की कोन १२ अंशांच्या आसपास उतरतो. दगड झिजून २३० मिलिमीटरचा झाला आणि दांडीला कुणी हातच लावला नाही, तर १५ चे २० होतात, किंचित जास्तच.

तिसरा आकडा नीट वाचा. यंत्र घेतल्यावर पहिल्यांदा धार 'एक नंबर' आणि वर्षभराने 'मशीन उतरलं' असं वाटण्याचं मोठं कारण हेच. दांडीवर कुणीतरी पेनने खूण करून ठेवलेली असते, 'सुरीसाठी इथे', आणि तिच्यावर सगळ्यांचा गाढ विश्वास असतो. खूण जागच्या जागी आहे. भिंत सरकली आहे.

दगडाचं माप शिंप्याच्या टेपने

फिरत्या गोल दगडाचा व्यास पट्टीने मोजायला अवघड, कारण मधे धुरा येतो आणि पट्टी केंद्रातून जाते की नाही ते कळत नाही. सोपी युक्ती आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्या आपल्या सोलापुरात कपड्याची टेप शोधायला लांब जावं लागत नाही. यंत्र बंद करून ती दगडाभोवती घट्ट गुंडाळा, परीघ मिळेल. त्याला ३.१४ ने भागा. नव्या २५० च्या दगडाचा परीघ ७८५ मिलिमीटर भरतो. फायदा असा की टेप वाचताना १ मिलिमीटरची चूक झाली तरी व्यासात ती ०.३ मिलिमीटरच उरते.

दुसरं माप दांडीचं. ते यंत्राच्या चौकटीवरून घेऊ नका, दगडाच्या पृष्ठभागापासून घ्या. वरच्या उदाहरणात दांडी-दगड अंतर प्रत्येक वेळी तेच ठेवलं, तर दगड २३० चा झाल्यावर कोन १५ चा १३ होतो. चूक राहतेच, पण ५ अंशांऐवजी २ अंशांची, आणि उलट्या दिशेने. तीही घालवायची असेल तर दगडाचा व्यास दर १० मिलिमीटर घटला की दांडी दगडापासून सुमारे १.४ मिलिमीटर जास्त लांब ठेवा. हा आकडा १५ अंश आणि १३९ च्या पल्ल्यासाठी आहे. दुसऱ्या पल्ल्याला थोडा बदलेल.

हिरे किंवा तत्सम कठीण खडे बसवलेलं पोलादी चाक असेल, तर ही कटकट नाही. त्याचा व्यास बदलत नाही. किंमत मात्र ऐकून बसा.

चकती खोटं बोलते का?

बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. चकतीचा एक पाय पात्याच्या सपाट बाजूवर टेकतो. पण ती बाजू मध्यरेषेला समांतर नसते. कण २ मिलिमीटर, धारेमागची जाडी ०.४ आणि पात्याची उंची ४० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजू मध्यरेषेशी १ अंशाहून थोडी जास्त तिरपी असते. चकती तेवढ्याने चुकते. जाड कणेच्या, कमी उंचीच्या सुरीत ही चूक आणखी मोठी.

घरी गणित मांडणाऱ्यांसाठी दुसरी मेख. शाळेतल्या त्रिकोणाच्या सूत्राने तिन्ही अंतरांवरून कोन काढला, तरी उत्तर प्रत्यक्षाशी चार-पाच अंशांनी जुळत नाही. माणूस डोकं खाजवत बसतो. कारण शिडीचा पाय दांडीच्या केंद्रात नसतो, तिच्या पाठीवर असतो. दांडी बोटाएवढी जाड, तिच्यावर पकडीचा दांडा; पात्याची मध्यरेषा दांडीच्या केंद्रापासून सेंटिमीटरभर बाजूला जाते. १३९ च्या पल्ल्याला १ सेंटिमीटर म्हणजे चार अंशांहून जास्त. तयार कोष्टकं आणि मोबाइलवरची गणकं पकडीचा प्रकार विचारतात ते यासाठीच.

मार्करची परीक्षा

एवढं गणित नको असेल तर एक पंचवीस-तीस रुपयांचा काळा मार्कर घ्या. माझा स्वतःचा कल याच पद्धतीकडे आहे.

सुरीच्या उतारावर धारेपर्यंत शाई फासा. यंत्र बंद ठेवून सुरी पकडीत लावा, दगडावर टेकवा आणि दगड हाताने इंच-दोन इंच फिरवा. मग पातं उजेडात तिरकं धरून बघा. शाई फक्त धारेच्या टोकाशी गेली आणि वर काळी पट्टी राहिली, तर तुमचा कोन सुरीच्या कोनापेक्षा मोठा आहे. दांडी जवळ घ्या. शाई वरच्या खांद्याशी (उतार पात्याच्या बाजूला मिळतो तिथे) गेली आणि धारेला काळी रेघ उरली, तर कोन लहान आहे. दांडी लांब न्या. पूर्ण रुंदीत एकसारखी गेली की जुळलं. दांडी एकदम फिरवू नका, अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवा.

जुळलं की वहीत तीन आकडे लिहा : दगडाचा परीघ, दांडीचं दगडापासून अंतर, पल्ला. पुढच्या खेपेला हीच सुरी आली की पल्ला तोच ठेवायचा, दांडी झिजेप्रमाणे सुधारायची, आणि काम सुरू. खानावळीत एकसारख्या सुऱ्या असतील तर सगळ्यांना एकच पल्ला ठेवा. लाकडाच्या फळीवर खिळा ठोकून केलेलं माप पुरतं : पकड खिळ्याला टेकवायची, धार रेघेला.

टोकाशी उतार पसरट का होतो?

सुरी सरळ असते तोवर ठीक, टोकाकडे धार वर वळते. तिथे पकडीपासून धारेचं अंतर बदलतं, म्हणजे शिडीची लांबीच बदलते. पकड मुठीजवळ लावली तर टोक लांब पडतं, तिथला कोन घटतो आणि उतार रुंद, पसरट दिसतो. पकड टोकाच्या फार जवळ लावली तर उलट : टोकाशी अरुंद उतार, जाड धार. मधली जागा सुरीगणिक वेगळी. मार्कर इथेही सांगतो. टोकाशी उतार रुंदावत असेल तर पकड टोकाकडे सरकवा.

दोन बाजूंचे कोन वेगळे येत असतील तर पकडीकडे बघा. काही पकडींत एक जबडा घट्ट बसवलेला आणि दुसराच हलतो. मग पात्याची जाडी बदलली की पातं मध्यावरून सरकतं. १ मिलिमीटर सरकलं तर दोन बाजूंत सुमारे ०.८ अंशाचा फरक पडतो. कांदा चिरताना कळणार नाही, पण धारेची रेघ मध्यावरून ढळलेली डोळ्याला दिसते.

मग कोन जितका लहान तितकं उत्तम, नाही का?

नाही. एका मटणाच्या दुकानातला सत्तूर माझ्याकडे आला होता. मालक म्हणाले, "धार लावून आणला ओ, लई झकास कापत होता. चार दिवसात दाते पडले की." भिंगाखाली धरला तर धारेला नखाएवढ्या चंद्रकोरी पडलेल्या, आणि उतार चांगला दीड-दोन मिलिमीटर रुंद. कुणीतरी भाजीच्या सुरीचा कोन सत्तुराला दिला होता. हाडावर आपटायच्या हत्याराला ते कसं झेपणार? पातळ धार आत सहज शिरते, पण तिच्या पाठीशी पोलाद कमी असतं.

ढोबळ हिशोब असा : मऊ भाजी, फळं, बिनहाडाचं मांस यांच्या चांगल्या पोलादाच्या सुरीला एका बाजूने १२ ते १५. रोजच्या साध्या स्टेनलेसच्या सुरीला १८ ते २०, कारण ते पोलाद मऊ असतं आणि पातळ धार दुमडते. सत्तुराला २५, कधी त्याहून जास्त. उसाच्या कोयत्याला या यंत्रावर आणूच नये. फडात तोडणी करणारे कानशीने त्याला जी धार लावतात, ती त्या कामाला योग्य आहे.

एका अंशाने खरंच फरक पडतो?

कापताना नाही. १५ ची सुरी आणि १६ ची सुरी डोळे मिटून कुणी ओळखून दाखवावी. फरक पडतो पुढच्या वेळी धार लावताना. कोन तोच असेल तर दोन-चार हात फिरवले की नवी धार. कोन ३ अंशांनी मोठा असेल तर धारेवर नवा अरुंद उतार पडतो, सुरी कापते, पण प्रत्येक खेपेला जाड होत जाते. लहान असेल तर दगड नुसता खांदा घासत बसतो. धार जिथल्या तिथे, सुरीचं पोलाद मात्र गटारात. म्हणजे अचूकतेपेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. तुमचे '१५' खरे १६ असले तर असू देत, पण दर वेळी तेच १६ असावेत.

गोल दगडाने धार पोकळ होते, असं म्हणतात

होते, पण किती? २५० च्या दगडावर १ मिलिमीटर रुंद उतार मधोमध सपाटीपासून एक सहस्रांश मिलिमीटर खोल जातो. यावरून वाद घालणाऱ्यांनी तो खोलगटपणा मोजून दाखवावा. रंध्याचं पातं किंवा पटाशी असेल, जिचा उतार सेंटिमीटरभर रुंद असतो, तर गोष्ट वेगळी; तिथे तो ०.१ मिलिमीटर होतो आणि दिसतोही.

चामड्याच्या चाकावर सगळं बिघडतं ते कसं?

दगडावर घासून झालं की धारेच्या पलीकडे पोलादाची एक बारीक खरखरीत कड उलटते. कारखान्यात तिला बर म्हणतात. अंगठा पात्यावरून धारेच्या दिशेने आडवा सरकवला की ती लागते (धारेच्या लांबीने कधीही फिरवू नका). ती काढायला यंत्राच्या दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक असतं, त्यावर पॉलिशची पेस्ट लावतात. दगडावर तासभर मिलिमीटर मोजलेला माणूस इथे अंदाजपंचे सुरी धरतो, ५-७ अंश जास्त. मऊ चामडं धारेभोवती वळतं आणि नुकतंच साधलेलं टोक गोलावतं. शक्य असेल तर इथेही पकड आणि दांडी वापरा. चामड्याच्या चाकाचा व्यास दगडापेक्षा वेगळा असतो, तेव्हा दांडीचं अंतर नव्याने जुळवावं लागतं. चाक नेहमी धारेपासून लांब पळत असलं पाहिजे. उलट धरलं तर सुरी चामड्यात घुसते, आणि मग नवं चामडं शोधत बसा.

दारावर येणारा धारवाला तर काहीच मोजत नाही

त्याचा हात म्हणजेच त्याची पकड. सायकलवर पायाने फिरवलेलं चाक सावकाश फिरतं, पातं फारसं तापत नाही, आणि वर्षानुवर्षं त्याच उंचीवर तोच हात टेकलेला असतो. मोजत नसला तरी एकसारखेपणा त्याच्याकडे आहे. घरात दोन सुऱ्या असतील तर त्याच्याकडेच द्या. हे यंत्र त्यासाठी घेणं म्हणजे पैशाची नासाडी. माझा आक्षेप आहे तो विजेच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत दहा सेकंदांत सुरी परत देणाऱ्याला.

आणि पाणी?

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा प्रश्न विचारला जाणारच. यंत्राच्या ताटलीला तांब्याभरही लागत नाही. पिण्याचं नको, वापरायचं चालेल, पण फार क्षाराचं असेल तर दगडावर पांढरा थर धरतो. काम झालं की ताटली खाली करून ठेवा. दगड पाण्यात बुडालेला राहिला तर त्याचा तेवढाच भाग पाणी पिऊन जड होतो आणि दुसऱ्या दिवशी चाक हिसके देत फिरतं. ओल्या हाताने स्विच दाबायचा नाही आणि अर्थिंगशिवाय यंत्र लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

विळीचं काय?

विळीचं पातं पाटाला बसवलेलं, वाकडं आणि बहुतेक घरांत काढता न येणारं. पकडीत ते बसत नाही, त्यामुळे पल्लाच ठरत नाही, आणि पल्ला नाही तर कोन नाही. तिला निसणाच बरा. उतारावर मार्कर फासून निसणा फिरवा. शाई कुठे जाते ते बघत हात वर-खाली करा. पातं खिळ्यांनी बसवलेलं असेल आणि काढता आलं, तरीही ते यंत्रावर हाताने धरून घासायचा मोह टाळा; वाकडं पातं फिरत्या दगडावर आधाराविना टेकवलं की निसटतं.